कागदावरचे खडक संगणकात उतरतात तेव्हा

2022 साली अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, म्हणजे यूएसजीएस, आणि ‘डार्पा’ ही संरक्षण-संशोधन संस्था यांनी मिळून एक स्पर्धा घेतली. महत्त्वाच्या खनिजांचा शोध लवकर घेता यावा म्हणून छापील भूशास्त्रीय नकाशे संगणकाकडून वाचून घ्यायचे, असा तिचा विषय होता. नकाशाला पृथ्वीवरची त्याची नेमकी जागा मिळवून देणे हे पहिले आव्हान होते आणि त्यावरचे खडकांचे पट्टे, रेषा व चिन्हे वेगळी काढणे हे दुसरे. नकाशे स्कॅन करून ठेवले की काम झाले, मग त्यात स्पर्धा घेण्याइतके अवघड काय, असे अनेकांना वाटते. हा समज दूर व्हायला हवा, कारण स्कॅन केलेला नकाशा हे केवळ चित्र असते. अमुक पिक्सेल फिकट हिरवा आहे एवढेच संगणकाला त्यातून कळते. तो हिरवा म्हणजे क्रिटेशस या प्राचीन भूशास्त्रीय काळातला चुनखडक आहे आणि शेजारची काळी रेषा म्हणजे प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग आहे, हे त्याला ठाऊक नसते. प्रस्तरभंगापासून एक किलोमीटरच्या आत चुनखडक कुठे कुठे आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या चित्रातून आपोआप मिळत नाही.

पहिली पायरी जागेची. नकाशाच्या कोपऱ्यांवर आणि मधल्या छेदनबिंदूंवर छापलेल्या अक्षांश-रेखांशांचे आकडे घेऊन प्रत्येक पिक्सेलला भौगोलिक स्थान द्यावे लागते. सरकवणे, फिरवणे, ताणणे आणि तिरपे करणे एवढ्यावर भागणार असेल, तर गणिताला तीन संदर्भबिंदू पुरतात. पण तीनच घेतले तर चूक किती झाली हे कळायला मार्ग उरत नाही, म्हणून जास्त बिंदू घेऊन उरलेली तफावत मोजतात. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि तेही दोन्ही दिशांना सारखे नाही. 50 सेंटिमीटर रुंदीचा कागद एक टक्का आकसला तर 5 मिलिमीटरचा फरक पडतो, आणि 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर तो जमिनीवरचा 250 मीटर होतो. शिवाय जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर बेतलेले असतात. उत्तर अमेरिकेत 1927 ची आणि 1983 ची संदर्भप्रणाली यांची गल्लत केली, तर कित्येक ठिकाणी बिंदू दहा-वीस मीटरांनी किंवा त्याहून जास्त सरकतो.

यापुढचा भाग मला या साऱ्या कामात सर्वांत सुंदर वाटतो, आणि तो म्हणजे सीमांचे गणित. भूशास्त्रीय नकाशात नजर आधी रंगांकडे जाते, पण भूशास्त्रज्ञ शेतात, ओढ्यात, डोंगरउतारावर शोधत असतो ती सीमा: एक खडक संपून दुसरा सुरू होतो ती रेषा. रंग नंतर भरला जातो. म्हणून संगणकातही प्रत्येक खडकाचा पट्टा स्वतंत्रपणे गिरवत नाहीत. तसे केले तर दोन शेजारी पट्ट्यांची सामाईक सीमा दोनदा काढली जाते, दोन्ही वेळा ती किंचित वेगळी येते, आणि मध्ये कुठे बारीक फटी तर कुठे एकावर एक चढलेल्या चिंधड्या तयार होतात. त्याऐवजी सीमा एकदाच काढायची, रेषा जिथे मिळतात तिथे नोड मानायचा, आणि दोन नोडांमधल्या प्रत्येक तुकड्याला दिशा देऊन त्याच्या डावीकडे कोणता खडक व उजवीकडे कोणता, हे नोंदवायचे. मग प्रत्येक नोडावर सतत डावीकडचे पहिले वळण घेत चालत राहिले की पट्टा आपोआप बंद होतो.

या रचनेतून चुका आपणहून उघड्या पडतात. एखाद्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकच खडक नोंदलेला आहे आणि ती रेषा प्रस्तरभंगही नाही, असे आढळले तर एक तर रेषा जास्तीची आहे किंवा खडकाचे नाव चुकले आहे. प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंना मात्र एकच खडक असू शकतो, आणि प्रस्तरभंग एखाद्या पट्ट्याच्या मध्येच संपूही शकतो. मोजणीसाठी ऑयलर या गणितज्ञाचे सूत्रही हाताशी आहे: रेषांच्या तुकड्यांची संख्या, वजा नोडांची संख्या, अधिक एकमेकांपासून सुटलेल्या जाळ्यांची संख्या, बरोबर बंद पट्ट्यांची संख्या. मध्येच संपणारा प्रस्तरभंग एक तुकडा आणि एक नोड वाढवतो, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. कागदावर दिसतात त्यापेक्षा पट्टे कमी भरले, तर कुठेतरी सीमा जुळायची राहिली आहे.

बहुधा ती राहते तुटक रेषेपाशी. भूशास्त्रीय नकाशावर सलग रेषेचा अर्थ असतो, सीमेची जागा नीट ठाऊक आहे. तुटक रेषेचा अर्थ, जागा अंदाजे आहे. आणि ठिपक्यांच्या रेषेचा अर्थ, सीमा किंवा प्रस्तरभंग वरच्या गाळाखाली झाकलेला आहे. 1:50,000 च्या नकाशावर 0.2 मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर 10 मीटर रुंद ठरते आणि इंचाला 300 बिंदूंच्या स्कॅनमध्ये जेमतेम दोन-तीन पिक्सेल व्यापते. संगणकाला तुटक रेषा म्हणजे सुटे सुटे तुकडे वाटतात, आणि त्यांमधल्या फटींतून एका पट्ट्याचा रंग दुसऱ्यात शिरतो. फटी बुजवून सलग रेषा करणे सोपे आहे, पण तसे करताना भूशास्त्रज्ञाने प्रामाणिकपणे नोंदवलेली शंका पुसली जाते. ठिपक्यांची रेषा तर वरच्या खडकाची सीमाच नसते. तिच्या दोन्ही बाजूंना गाळाचाच रंग असतो, म्हणून तिच्यावरून पट्टे पाडणे साफ चूक ठरते.

भूशास्त्रीय नकाशांची माहिती संगणकात नोंदवण्यासाठी यूएसजीएसने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जेम्स’ (GeMS) या मांडणीत यासाठी सोय आहे. सीमा किंवा प्रस्तरभंगाच्या प्रत्येक रेषेला तीन वेगळी उत्तरे द्यावी लागतात: ही रेषा खरोखर आहे याची खात्री किती, ती अमुकच प्रकारची आहे याची खात्री किती, आणि तिची जागा किती मीटरच्या आत बरोबर आहे. कागदावर डोळ्यांना जाणवणारी शंका तिथे नोंदीत उतरते, आणि दरडी कोसळण्याचा धोका किंवा भूजल अभ्यासणारा माणूस तिचा हिशेब करू शकतो.

चिन्हांचे वाचनही नाजूक असते. थर कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी कलला आहे हे दाखवणाऱ्या छोट्या खुणेशेजारी 35 लिहिलेले असते, आणि तिथेच खालच्या भूरूप नकाशातली समोच्च रेषेची उंची छापलेली असते. कोणता आकडा कशाचा, हे आकाराइतकेच संदर्भावरून ठरते. छपाईतला फिकट गुलाबी रंगही बहुधा बारीक लाल ठिपक्यांचा बनलेला असतो. स्कॅन जितका बारकाईने करावा तितके ठिपके सुटे दिसतात आणि रंग हरवतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम आता चुटकीसरशी करते, अशी जाहिरातबाजी म्हणूनच जपून ऐकावी. रंगांचे पट्टे ओळखणे, नकाशाच्या रंगसूचीतली चौकट आणि नकाशातला पट्टा यांची जुळणी लावणे यांत यंत्राने खरोखर वेळ वाचवला आहे. पण दहापैकी नऊ पट्टे बरोबर ओळखले तरी दहावा कोणता चुकला हे शोधायला जाणकाराला दहाही तपासावे लागतात, आणि जे खनिज शोधायचे ते बहुधा अरुंद, दुर्मीळ पट्ट्यातच असते.

शेवटची अडचण दोन नकाशांच्या कडेवर भेटते. शेजारशेजारचे नकाशे वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या माणसांनी केलेले असतात. एकावर कडेपर्यंत आलेली सीमा दुसऱ्यावर पुढे जातच नाही, किंवा एकाने तीन थर मानले तिथे दुसऱ्याने एकच मानलेला असतो. रेषा ओढून जुळवून टाकण्याचा मोह होतो, पण टेबलाशी बसून खडकाबद्दल निर्णय देता येत नाही. तिथे कडेलाच ‘नकाशाची हद्द’ अशी स्वतंत्र रेषा ठेवतात आणि दोन्ही बाजूंची मूळ नावे तशीच राहू देतात, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहायची ठिकाणे नव्या सर्वेक्षकाला थेट नोंदीतून काढता येतात.