शेवटच्या गोळीवरचा संशय

औषधामुळे अंगावर पुरळ उठले की संशय शेवटच्या गोळीवर जातो, आणि स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये, म्हणजे औषधामुळे फोड येऊन त्वचा सुटू लागते त्या गंभीर विकारात, तो बऱ्याचदा चुकतो. या विकाराला कारण ठरलेले औषध बहुधा ४ ते २८ दिवसांपूर्वी सुरू झालेले असते. पुरळ दिसण्याच्या एक ते तीन दिवस आधी ताप, घसादुखी आणि डोळ्यांची आग होते; त्यावर रुग्ण तापाची गोळी किंवा प्रतिजैविक घेतो आणि फोडांचे खापर त्या गोळीवर फुटते, तर आकडीसाठीचे कार्बामाझेपिन किंवा युरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल तसेच चालू राहते. म्हणून गेल्या दोन महिन्यांतील प्रत्येक औषध कोणत्या तारखेला सुरू झाले, हे लिहून काढणे ही माझ्या मते कोणत्याही तपासणीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

साधे पुरळ मुख्यतः खाजते. इथे त्वचा दुखते. तोंड, डोळे व जननेंद्रिय यांच्या आतील नाजूक अस्तरावर व्रण पडतात आणि लालसर त्वचा बोटाने हलकेच घासली तरी सुटून येते. शरीराच्या रोगप्रतिकारक टी-पेशी त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना मारतात, त्यामुळे तो थर खालच्या थरापासून विलग होतो. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे सुमारे १ टक्का त्वचा, या मापाने १० टक्क्यांहून कमी त्वचा सुटली असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन आणि ३० टक्क्यांहून अधिक सुटली असेल तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस (त्याच विकाराचे अधिक तीव्र रूप) असे निदान होते. दुसऱ्या प्रकारात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के आहे.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे संशयित औषध तत्काळ थांबवणे. पुढची शुश्रूषा भाजलेल्या रुग्णासारखी असते: द्रवांची भरपाई, ऊब, जंतुसंसर्गापासून बचाव आणि पहिल्या दिवसापासून नेत्रतज्ज्ञांची देखरेख, कारण त्वचा भरून येते, पण डोळ्यांवरील व्रणांमुळे दृष्टी कायमची अधू होऊ शकते. सायक्लोस्पोरिन, स्टिरॉइड किंवा एटानरसेप्ट या रोगप्रतिकारक प्रतिक्रिया दाबणाऱ्या औषधांचा वापर होतो, तरी त्यांपैकी सर्वोत्तम कोणते यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

काही जणांमध्ये हा धोका जन्मजात असतो. एचएलए-बी*१५:०२ हे जनुकीय रूप आणि कार्बामाझेपिन यांचा संबंध २००४ मध्ये तैवानमधील संशोधकांनी दाखवला. ते असल्यास रक्तचाचणीने आधीच कळते. एकदा हा विकार होऊन गेलेल्या व्यक्तीने त्या औषधाचे नाव लिहून कायम जवळ बाळगावे, आणि कार्बामाझेपिन दोषी असेल तर रचनेने त्याच्या जवळचे फेनिटॉइनही टाळावे.