साठमारी आणि साडेबारा फुटांची भिंत

‘वाघाला खिजवलंस ना? मग भोग आता!’ प्राणिसंग्रहालयात वाघानं कुणावर झडप घातली की असा निकाल कट्ट्यावर अर्ध्या मिनिटात लागतो. कोल्हापूरकरांनी तरी तो लावू नये. आपल्याकडे साठमारी होती. हत्तीला मुद्दाम डिवचायचं आणि तो अंगावर आला की बुरुजाच्या चिंचोळ्या फटीत शिरायचं. हत्ती चिडणारच, हे धरूनच ते मैदान बांधलेलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात नेमकं हेच धरलं नव्हतं. 25 डिसेंबर 2007 ला तातियाना ही वाघीण खंदकाबाहेर आली. एक तरुण मेला, दोघे जखमी झाले, पोलिसांनी वाघिणीला गोळ्या घातल्या. तरुणांनी तिला चिडवल्याचा आरोप झाला. खंदकाची भिंत आधी 18 फूट उंच सांगितली गेली. मोजली तर निघाली साडेबारा. शिफारस होती 16.4 फुटांची.

आता माझा आवडता भाग. चिडलेल्या जनावराच्या मेंदूतून चेतातंतूंमार्फत थेट मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना हुकूम जातो आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं. यकृत साखर सोडतं, आतड्यांकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, एरवी राखीव राहणारे स्नायुतंतूही कामाला लागतात. उडीची उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: h = v²/2g (h उंची, v वेग, g गुरुत्वत्वरण). गुरुत्वमध्य 2 मीटर वर न्यायला सेकंदाला साधारण 6.3 मीटर वेग लागतो. तो 10 टक्के वाढला, तर उंची 21 टक्के वाढते! शिवाय वाघाला अख्खं अंग भिंतीपलीकडे उडवायचं नसतंच. पुढचे पंजे काठाला लागले की नखं रुतवून उरलेलं अंग तो ओढून घेतो. म्हणून शांत वाघाच्या उडीवरून भिंतीची उंची ठरवणं हा हिशेबच चुकीचा. (‘रक्ताची चटक लागली’ वगैरे कथांची इथे काही गरज नाही.)

खिजवणारा सुटतो, असं मात्र नाही. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, प्राणिसंग्रहालयात जनावराला छेडणं, खायला घालणं, गोंगाट करणं यावर स्पष्ट बंदी आहे. पण चिडवणारे येणारच, हे भिंत बांधणाऱ्यानं आधीच धरायला हवं. माझ्या मते दोषाचा थोरला वाटा त्याचा.

आपल्या वेशीवर गवा येतो तेव्हा तर भिंतच नसते. मोबाइल उंचावून मागे धावणारी गर्दी त्याच्या पळण्याच्या वाटा बंद करते. घाबरून जिवाच्या आकांतानं पळणाऱ्या जनावराचं अंग तापतं, रक्तात आम्ल साचतं, स्नायू निकामी होऊ लागतात. भुलीचं इंजेक्शनही मग धोक्याचं ठरतं. 2020 च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा तासन्‌तास चाललेल्या पाठलागानंतर पकडला गेला, आणि मेला.