गर्भपात, नसबंदी, तांबी: सही कोणाची लागते आणि कागद कोणते

"मालकाला घेऊन या, मग बघू." गर्भपातासाठी किंवा टाक्याच्या (नसबंदीच्या) ऑपरेशनसाठी गेलेल्या बाईला हे हमखास ऐकायला मिळतं. मालक म्हणजे नवरा, तो असतो पुण्याला कामावर नाहीतर ऊसतोडीला साखर कारखान्याच्या तळावर. त्याची वाट बघण्यात आठवडा जातो, आणि गर्भपाताच्या कायद्यात एका आठवड्याने सगळं गणित बदलू शकतं. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची सही लागते. नसबंदीलाही तिची एकटीची सही पुरते. नवरा, सासू, वडील, सरपंच यांच्या सहीला कायद्यात जागाच नाही.

कायदा १९७१ चा, वैद्यकीय गर्भपात कायदा. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. पूर्वी गर्भनिरोधक साधन फसून दिवस गेले तर "विवाहित स्त्री आणि तिचा पती" अशी भाषा होती. आता "स्त्री आणि तिचा जोडीदार" अशी आहे. लग्न झालंय का, हा प्रश्न विचारायचं कारणच त्यामुळे उरलेलं नाही. तरी विचारतात.

आधी आठवडे मोजा

कोणत्या दवाखान्यात जायचं, किती डॉक्टरांचं मत लागणार, हे सगळं आठवड्यांवर ठरतं. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंध आला त्या दिवसापासून नाही, आणि पाळी चुकली त्या दिवसापासूनही नाही. पाळी चुकून चार-पाच दिवस झाले असतील तर हिशेबात साधारण पाच आठवडे आधीच भरलेले असतात. इथेच बहुतेकींची गफलत होते. "दीडच महिना झाला" म्हणून येणारी बाई कागदावर अडीच महिन्यांची निघते.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो. गोळ्या डॉक्टरनेच द्यायच्या असतात. मेडिकलवरून परस्पर आणून घ्यायच्या नसतात. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि कारण ठरावीक यादीतलं असावं लागतं. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. बाईचा जीव वाचवायला तातडीची गरज असेल तर आठवड्यांची कुठलीच अट आड येत नाही.

वीस आठवड्यांच्या आत कारण काय चालतं? साधन फसणं, बाईच्या शरीराला किंवा मनाला धोका, बाळात व्यंग असण्याची शक्यता, बलात्कार. मनाला धोका आहे की नाही हे ठरवताना बाईची आजची आणि पुढची परिस्थिती डॉक्टरने लक्षात घ्यावी, असं कायदाच सांगतो. घरात खायला नाही, आधीची लेकरं लहान आहेत, नवरा मारतो, हे सगळं या परिस्थितीत येतं. ते डॉक्टरला सरळ सांगावं.

कागद

गर्भपातासाठी कायद्याने लागणारा बाईच्या बाजूचा कागद एकच, संमतीपत्र. नियमांत त्याला फॉर्म सी म्हणतात. त्यावर सही किंवा अंगठा. डॉक्टर आपलं मत वेगळ्या फॉर्मवर लिहितो, ते त्याचं काम. लग्नाचा दाखला, रेशन कार्ड, पोलिसांचा जबाब, नवऱ्याचं आधार यांतलं काहीही नियमांत नाही. केस पेपर काढताना आधार मागतात. जवळ असलं तर द्या, पण ते नाही म्हणून गर्भपात नाकारायला कायद्याचा आधार नाही. गावचा किंवा जिल्ह्याचा रहिवासी असण्याचीही अट नाही. कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला गेलेली बाई सांगली-कोल्हापूरकडच्या सरकारी दवाखान्यातही तितक्याच हक्काने जाऊ शकते.

सोबत न्यायचं ते हे: शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेला कागद, आधीची सोनोग्राफी किंवा तपासण्या झाल्या असतील तर ते रिपोर्ट, सिझर झालं असेल तर त्याचे कागद, चालू गोळ्या-औषधं. रक्तगट माहीत असेल तर उत्तम.

जायचं कुठे? सरकारी दवाखान्याला गर्भपातासाठी वेगळा परवाना लागत नाही, पण प्रशिक्षित डॉक्टर हजर असावा लागतो. त्यामुळे उपकेंद्रात हे होत नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नशिबाचा भाग असतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, सिव्हिल या क्रमाने चौकशी करावी. दिवस जास्त असतील तर थेट वैद्यकीय महाविद्यालय गाठावं: छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी. खासगी दवाखाना असेल तर जिल्हा समितीने दिलेलं मान्यता प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असलंच पाहिजे. भिंतीवर ते दिसत नसेल तर तिथे थांबू नये.

वीस ते चोवीस: कोण बसतं

यादी २०२१ च्या नियमांत आहे. बलात्कार किंवा नात्यातल्या माणसाकडून झालेला अत्याचार; अठरा वर्षांच्या आतली मुलगी; गर्भार असताना विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली; मोठं शारीरिक अपंगत्व असलेली; मानसिक आजार असलेली; गर्भात गंभीर व्यंग; आणि सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेली बाई.

या यादीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात बराच मोकळा केला. अविवाहित बाईलाही वीस ते चोवीस आठवड्यांत तोच हक्क आहे. कागदावर घटस्फोट झालेला नसला तरी नवऱ्याने टाकलेली, परिस्थिती अचानक पालटलेली बाईही यात येते. नवऱ्याने केलेली जबरदस्तीसुद्धा, या कायद्यापुरती, बलात्कारात धरायची. कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती, जादा कागद, कोर्टाची परवानगी, डॉक्टरांनी घालू नयेत, असंही न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे. मराठवाड्यात टाकलेल्या बायकांचा प्रश्न किती जुना आहे ते सांगायला नको. माहेरी आलेल्या लेकीला पाचवा महिना असेल तर हा निकाल तिच्या कामाचा आहे.

चोवीसच्या पुढे व्यंगाचं प्रकरण असेल तर अर्ज मंडळाकडे जातो. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीतज्ज्ञ असतात. त्यांनी तीन दिवसांत मत द्यायचं असतं आणि परवानगी मिळाली तर अर्जापासून पाच दिवसांत गर्भपात व्हायला हवा. व्यंग नसेल आणि चोवीस उलटले असतील तर उच्च न्यायालयात जावं लागतं. आपल्याकडे म्हणजे संभाजीनगरच्या खंडपीठात. वकिलाच्या फीचा धसका घेऊ नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००.

अठराच्या आतली मुलगी

इथे पालकाची लेखी संमती लागते. शिवाय मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या पोक्सो कायद्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, आणि या भीतीने घरचे मुलीला घेऊन भलत्याच ठिकाणी जातात. आपल्या भागात बालविवाह होतात, त्यामुळे नवरा आत जाईल ही धास्तीही असते. २०२२ च्या निकालाने एक वाट काढून दिली आहे: मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना मुलीचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. ही विनंती तोंडी न ठेवता लिहून द्यावी.

गुप्तता

संमतीपत्र आणि डॉक्टरचं मत पाकिटात बंद करून त्यावर "गुप्त" असं लिहायचं असतं. नावाची नोंद असलेलं रजिस्टर कुणालाही दाखवायचं नसतं. नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नोकरी करणाऱ्या बाईला रजेसाठी दवाखान्याकडून दाखला मागता येतो. मातृत्व लाभाच्या तरतुदींखाली गर्भपातानंतर सहा आठवडे आणि टाक्याच्या ऑपरेशननंतर दोन आठवडे पगारी रजा आहे. अंगणवाडी, शाळा, पतसंस्था यांत काम करणाऱ्या बायकांपैकी हे माहीत असलेल्या फार थोड्या.

"इथे आम्ही करत नाही"

हे उत्तर मराठवाड्यात, त्यातही बीडमध्ये, जास्त ऐकू येतं आणि त्याला इतिहास आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २०१२ मध्ये परळीत मुलींचे गर्भ पाडण्याचं प्रकरण उघडकीला आलं, धाडी पडल्या, आणि ते योग्यच झालं. पण त्यानंतर कायदेशीर गर्भपात करणारे डॉक्टरही हात आखडते घेऊ लागले. लिंगनिदान रोखणारा कायदा १९९४ चा, तो सोनोग्राफीवर नजर ठेवतो. गर्भपाताचा कायदा वेगळा. बारा आठवड्यांच्या आत आलेल्या बाईला "आधीच्या किती मुली?" असं विचारून परत पाठवणं दोन्ही कायद्यांत बसत नाही.

माझ्या मते दोष कायद्याच्या घडणीतही आहे. गर्भपात हा आपल्याकडे अजून मुळात गुन्हाच आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. १९७१ चा कायदा म्हणजे त्या गुन्ह्यातून डॉक्टरला दिलेली सूट. ज्याला सूट मिळालीय तो जपूनच वागणार. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढवली, पण निर्णय बाईच्या हातात दिला नाही, तो डॉक्टरच्या मतावरच ठेवला. पुढची दुरुस्ती व्हायची असेल तर ती इथे व्हावी.

नसबंदी

बाईचं वय २२ च्या वर आणि ४९ च्या आत, पुरुषाचं ६० च्या आत. लग्न झालेलं असावं; विधवा, घटस्फोटितही चालते. किमान एक मूल आणि ते एक वर्षाहून मोठं असावं. दोनच मुलं हवीत, एक मुलगा तरी हवाच, अशी कुठलीही अट नाही. बाळंतपणानंतर सात दिवसांत, नाहीतर पाळी आल्यापासून सात दिवसांत, किंवा गर्भपातासोबतच हे ऑपरेशन होतं.

संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचून घ्या. समजेल अशा भाषेत समजावून संमती घेणं २०१६ च्या देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक ठरवलं आहे. आधार आणि पासबुक लागतं ते पैसे खात्यावर येण्यासाठी. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ६०० रुपये, इतर बाईला २५०, पुरुषाला ११०० अशी केंद्राची रक्कम आहे. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी कितीतरी सोपी, रक्कमही जास्त, तरी रांगेत बायकाच. रकमेने हे बदललेलं नाही. नसबंदी झालेल्या पुरुषाने तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. तपासणी चुकवली आणि बायकोला दिवस गेले की घरात संशयाचं भूत शिरतं.

प्रमाणपत्र जपून ठेवा. लेक लाडकी योजनेच्या पुढच्या हप्त्यांना ते लागतं, आणि ऑपरेशन फसून दिवस गेले तर भरपाईचा दावाही त्याच्याच जोरावर होतो. दावा ९० दिवसांत करायचा असतो, ऑपरेशन जिथे झालं त्या दवाखान्यामार्फत. फसल्यास ६० हजार, मृत्यू झाल्यास ४ लाखांपर्यंत. फसलेलं ऑपरेशन हे गर्भपाताचंही मान्य कारण आहे.

ऊसतोडीला जाण्याआधी

तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया आणि माला-एन गोळ्या, निरोध हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट. त्याला कागद लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर तळावर जाणाऱ्या बायकांनी निघण्याआधी एकदा आशाताईंना गाठावं. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं, म्हणजे हंगामात निदान एक डोस परमुलखात पडतो. तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत घेता येतं, कार्ड सोबत ठेवायचं. अंतरावर पाळी अनियमित होते. घाबरून सोडू नये, पण लवकर मूल हवं असेल तर ते साधन नव्हे. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ज्यांना तारखा सांभाळणं जमत नाही त्यांना तांबी बरी, पाच किंवा दहा वर्षांची.

गर्भपिशवी काढणं हे कुटुंब नियोजन नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा हा विषय विधिमंडळात गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. अंगावरून जातंय म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं तर सिव्हिलला दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

नाही म्हणाले तर

वाद घालत बसू नका, कारण लेखी मागा. साधा कागद पुरतो: तारीख, वेळ, किती आठवडे, कोणी काय सांगितलं. लिहून देत नसतील तर तुमचाच अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्या. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, प्राथमिक केंद्राची जिल्हा परिषदेतल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. १०४ वर फोन केला तर जवळचा दवाखाना विचारता येतो. तक्रारीच्या उत्तराची वाट मात्र बघू नका. पोच हातात आली की त्याच दिवशी पुढच्या दवाखान्याची गाडी धरा, आठवडे मोजले जातच असतात.