बोट लांब असताना सुटलेली गोळी

‘बंदूक आपोआप उडाली’ हे वाक्य बातम्यांत इतक्यांदा येतं की शेवटी ते खरं वाटायला लागतं. बहुतेक वेळा त्यामागे चापावर विसावलेलं बोट असतं. पण सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलमध्ये एक प्रकार असा आहे, की बोट लांब असूनही गोळी खरोखरच सुटते. त्याचं कारण शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे: जडत्व.

ही रायफल रिकामं काडतूस स्वतःच बाहेर फेकते आणि नवं आत भरते. मात्र चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटली पाहिजे. चाप दाबलेलाच असताना आतला हॅमर, म्हणजे ठोका देणारा हातोडा, पुन्हा पडू नये म्हणून त्याला अडकवून धरणारा एक छोटा आकडा असतो, त्याला डिस्कनेक्टर म्हणतात. तो झिजला, किंवा त्याची स्प्रिंग कमजोर झाली, की एका ओढीत दोन गोळ्या जाऊ शकतात. दुसरं कारण माणसाचं. चाप फार हलका असेल आणि रायफल खांद्यात घट्ट रोवलेली नसेल, तर ती धक्क्याने मागे जाऊन परत पुढे येते आणि तिथेच राहिलेल्या बोटाने चाप पुन्हा दाबला जातो. नेमबाज शपथेवर सांगतो की मी एकदाच ओढला, आणि तो खोटं बोलत नसतो.

तिसरं कारण मला सगळ्यात विलक्षण वाटतं. त्याला स्लॅमफायर म्हणतात.

काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक चिमुकली धातूची वाटी बसवलेली असते. तो प्राइमर. त्यात ठोका बसताच पेटणारं रसायन असतं, बहुधा लेड स्टिफनेट, आणि त्याला टेकून एक इवलीशी ऐरण. फायरिंग पिनने, म्हणजे ठोका देणाऱ्या बारीक दांडीने, वाटी बाहेरून दाबली की रसायन वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडतं, पेटतं आणि काडतुसातली दारू पेटवतं. म्हणजे प्राइमरला चाप कोणी ओढला याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त पुरेशा ऊर्जेचा ठोका हवा.

आता बोल्टकडे, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाकडे बघा. अनेक रायफलींत फायरिंग पिन बोल्टच्या पोटात मोकळी असते, तिला मागे खेचून धरणारी स्प्रिंग नसते. स्प्रिंगच्या जोरावर बोल्ट पुढे धावतो, नवं काडतूस नळीच्या तोंडात ढकलतो आणि खाडकन थांबतो. पिन मात्र थांबत नाही. बसचा ब्रेक लागल्यावर उभे प्रवासी पुढे झुकतात, तशीच ती पुढे सरकते आणि प्राइमरवर टकटक करते. पिनचं वजन ८ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ५ मीटर मानला, तर गतिज ऊर्जा होते ०.१ ज्यूल. साधारण १०० ग्रॅमचा गोळा १० सेंटिमीटरवरून सोडला तर एवढीच ऊर्जा मिळते. प्राइमरची संवेदनशीलता तपासतात तीही अशीच, पिनवर पोलादी गोळा ठरावीक उंचीवरून टाकून. खालच्या एका उंचीवर एकही प्राइमर पेटता कामा नये, वरच्या एका उंचीवर सगळे पेटले पाहिजेत.

हे डोळ्यांनी दिसतंही. अशा रायफलीतून भरलेलं काडतूस न उडवता बाहेर काढलं, तर प्राइमरवर मोहरीच्या दाण्याहून लहान खळगा उमटलेला असतो. एवढं नेहमीचंच. पण प्राइमर काठाच्या वर आलेला असेल, वाटी मऊ असेल, किंवा मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, टाळून काडतूस थेट नळीत टाकून त्यावर बोल्ट सोडला, तर हिशेब बिघडतो. मॅगझिनमधून काडतूस ओरबाडताना बोल्टचा वेग थोडा मरतो, थेट सोडल्यावर तो पूर्ण वेगाने आदळतो.

अमेरिकेच्या एम-१६ रायफलमध्ये सुरुवातीला नेमकी हीच अडचण आली होती, म्हणून १९६३ साली तिची पिन हलकी करण्यात आली. वेग तोच राहिला आणि वस्तुमान निम्मं झालं, तर ऊर्जाही निम्मी. आज टायटॅनियमच्या पिनांची ‘बसवा आणि निर्धास्त व्हा’ अशी जाहिरात होते. टायटॅनियमची घनता ४.५, पोलादाची ७.८, त्यामुळे दाव्यात तथ्य आहेच. पण पिन मळाने पुढे अडकून बसली असेल तर तिच्या वजनाने काहीच फरक पडत नाही. मग ती टोक बाहेर काढून बसलेल्या खिळ्यासारखी वागते आणि मॅगझिन रिकामं होईपर्यंत रायफल थांबेलच असं नाही. अशा हत्याराला कोणी अपशकुनी म्हणतं. त्यात शकुनाचा काही संबंध नाही, वंगण घट्ट झालेलं असतं.

एका ओढीत दोन गोळ्या गेल्या की ‘आणखी एकदा करून बघू’ हा विचार सर्वांत घातक. नळी सुरक्षित दिशेलाच ठेवायची, मॅगझिन काढायचं, नळीतलं काडतूस बाहेर काढून ती रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करायची, आणि उडालेल्या पुंगळ्या व उरलेली काडतुसं यांच्यासकट रायफल जाणत्या आर्मररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे, द्यायची. घरी कानस घेऊन चापाचे भाग घासायला बसू नये. बोट चापाला लागलंच नव्हतं आणि बोल्ट मिटता मिटताच गोळी सुटली, हे त्याला आवर्जून सांगा. मग तो आधी चापाकडे नाही, पिनकडे बघेल.

सोव्हिएत रचनाकार सिमोनोव्हच्या एसकेएस या अर्धस्वयंचलित रायफलबद्दल तर हे फार महत्त्वाचं. वर्षानुवर्षं कोठारात पडून राहिलेल्या या रायफली कॉस्मोलीन नावाच्या घट्ट तपकिरी ग्रीसमध्ये बुडवलेल्या असतात, आणि ते ग्रीस पिनच्या भोकात जाऊन गोठतं. जाणकार बोल्ट सुटा करून, धुऊन, कोरडा करून कानाशी हलवतात. आत पिन खुळखुळ वाजली पाहिजे. वाजली नाही, तर पुन्हा धुवायला घेतात.