हिरव्या जाळीतला हात

ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या इमारतीला बाहेरून प्लास्टर करायचं निघालं, तेव्हा चारी बाजूंनी परांची बांधून वर हिरवी जाळी लावली. दिवाळीत आईच्या उजव्या हातावर चकलीचं तेल उडालं होतं, त्याला तोवर पाच महिने होत आले होते. जखम कधीच भरली होती, पण मनगटापासून करंगळीपर्यंतचा वण लाल, उंच आणि ताठ झाला होता. प्लास्टिक सर्जन वाशीला बसतात. आईचे गुडघे दुखतात, तीन मजले उतरायचे आणि लिफ्ट नाही. म्हणून ते म्हणाले होते, दर वेळी यायला नको, अधूनमधून फोटो पाठवा. मी आईला गॅलरीत उभं केलं, चार फोटो काढले आणि पाठवून दिले. संध्याकाळी उलट प्रश्न आला: "हा रंग वणाचा आहे की जाळीचा?"

तीस वर्षं मी दहावीच्या मुलांना प्रकाश शिकवला. प्रश्न वाचून कान गरम झाले.

वणाचा लालपणा ही डॉक्टरांसाठी खबर असते. ताज्या वणात बारीक रक्तवाहिन्या दाटीने वाढलेल्या असतात. वण जुना होत जातो, साधारण वर्ष-दीड वर्षात, तसा तो फिका आणि मऊ पडतो. म्हणजे रंगावरून वण अजून 'चालू' आहे की निवळतोय हे कळतं. आता रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा प्रकाश खूप शोषतं, 540 ते 580 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. लाल मात्र ते परत पाठवतं. जाळीतून गाळून येणाऱ्या उजेडात परत पाठवायला लालच कमी उरलेला असतो. त्यामुळे लाल वण फोटोत काळपट-तपकिरी दिसतो आणि भोवतालची चांगली कातडी आजारी माणसासारखी हिरवट. पोपटी रंगाच्या भिंतीशेजारी बसवलंत तरी थोडंफार हेच होतं, कारण भिंतही उजेडाला आपला रंग लावून पाठवते.

यावर फोनचा उपाय असतो, पण तो अंदाजपंचे. समोरचं दृश्य पाहून फोन ठरवतो की यात पांढरं काय असावं, आणि सगळे रंग त्या हिशेबाने सरकवतो. चौकटभर नुसती कातडी आणि हिरवा रंग असला की त्याचा अंदाज चुकतो. म्हणून हाताशेजारी वहीचा कोरा पांढरा कागद ठेवावा. कागद फोटोत पिवळा दिसला तर पलीकडच्या माणसाला कळतं की कातडीचा पिवळेपणाही तितकाच खोटा आहे. सगळ्यात वाईट म्हणजे दुहेरी उजेड: एका बाजूने खिडकी, दुसऱ्या बाजूने पिवळा दिवा. अर्धा हात एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. असा फोटो नंतर दुरुस्तही करता येत नाही, कारण एक बाजू सुधारावी तर दुसरी बिघडते. दिवे बंद करून सावलीतल्या खिडकीशी बसणं बरं.

उजेड कुठून येतो यालाही अर्थ आहे. फोनचा फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो, त्यामुळे सावल्या नेमक्या वस्तूच्या मागे लपतात आणि उंचवटे सपाट होतात. आईचा वण फ्लॅशमध्ये नुसता डाग वाटला. खिडकीचा उजेड बाजूने तिरका घेतला तेव्हा तोच वण दोरखंडासारखा उठून दिसला. संध्याकाळच्या उन्हात मैदानावरचा लहानसा खडाही लांब सावली पाडतो, तसंच. फुगलेल्या वणासाठी किंवा खड्ड्यासाठी असा एक तिरका फोटो लागतोच. पण मागचा फोटो समोरून आणि पुढचा तिरका काढलात, तर वण महिन्यात दुप्पट फुगल्यासारखा वाटेल. खिडकी तीच हवी, वेळ तीच हवी.

कागदाशेजारी मी शाळेची सेंटिमीटरची पट्टीही ठेवली, वणाच्याच पातळीवर. चार सेंटिमीटरचे साडेतीन झाले का, हे नजरेने ठरवायला माणसाचा डोळा फार लबाड आहे.

याच सुमारास शेजारची मुलगी विचारायला आली. खेळताना बॉल लागून तिचं नाक वाकडं झालं होतं आणि तिने डॉक्टरांना सेल्फी पाठवली होती. त्यांनी ती परत केली: दुसऱ्या कुणाकडून, लांबून काढून घ्या. तिला वाटलं, डॉक्टर नखरे करतायत. मी तिला गणित घातलं. नाकाचं टोक कानापेक्षा साधारण बारा सेंटिमीटर पुढे असतं असं धरू. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 वर. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून कानाच्या तुलनेत नाक 42 भागिले 30, म्हणजे 1.4 पट मोठं उमटणार. आता फोन दीड मीटरवर न्या: 162 भागिले 150, म्हणजे 1.08. नाक तेच आणि लेन्सही तीच, फक्त अंतर वेगळं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चेहऱ्याचं गणिती प्रारूप करून दाखवलं की एक फुटावरच्या सेल्फीत नाकाची रुंदी जवळजवळ 30 टक्क्यांनी जास्त दिसते आणि पाच फुटांवरून हा फुगवटा राहत नाही. सेल्फीत नाक मोठं दिसतं म्हणून ऑपरेशन करून घ्यायला आलेल्या माणसांना सर्जनने काय सांगावं, हा त्या अभ्यासामागचा खरा प्रश्न होता. म्हणून मागे जायचं आणि लागलं तर थोडं झूम करायचं. काही फोन फार जवळ नेले की आपण होऊन जास्त रुंद लेन्सवर उडी मारतात, ते तर आणखी वाईट.

सेल्फीची दुसरी खोड तिच्या लक्षातच आली नव्हती. बरेच फोन पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटवून साठवतात. नाक उजवीकडे वाकडं आणि फोटोत डावीकडे! शिवाय चेहरा 'सुंदर' करणारी सोय चालू असली तर फोन नेमक्या त्याच गोष्टी पुसतो ज्या डॉक्टरांना बघायच्या आहेत.

मानेचा प्रश्नही आहेच. हनुवटी थोडी वर केली की नाक आखूड दिसतं, खाली केली की लांब. 1880 च्या दशकात जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला मानववंशशास्त्रज्ञ जमले तेव्हा कवट्या मोजण्यासाठी एक आडवी रेषा ठरली: कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका पातळीत. प्लास्टिक सर्जरीचे फोटो आजही त्याच रेषेवर डोकं धरून काढतात. समोरून एक, दोन्ही बाजूंनी तिरके दोन, पूर्ण बाजूचे दोन आणि नाकासाठी खालून एक. मुलीच्या भावाने ते सगळे राखाडी पडद्यासमोर काढले. पांढऱ्या भिंतीसमोर नाही, कारण पांढरं भरपूर दिसलं की फोन उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो.

दूरवर पाठवलेल्या चित्रावरून उपचार, ही आपल्या भागाची जुनी गोष्ट आहे. टिपूच्या सैन्याने ज्याचं नाक कापलं होतं त्या कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवाल्याला पुण्याच्या बाजूच्या एका वैद्याने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. त्याचं चित्र आणि वर्णन ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आलं. मेणाचा पातळ पत्रा नाकावर बेतून, मग सपाट करून कपाळावर ठेवायचा, हेही त्यात होतं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने 1814 मध्ये तसं ऑपरेशन केलं. चित्र काढणाऱ्याने कावसजीला देखणं करण्याच्या नादात कपाळावरच्या खुणा गाळल्या असत्या तर?

पाठवतानाही फोटो बिघडतो. जेपेग या फोटो लहान करून साठवायच्या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि त्यातला बारीक तपशील टाकून देतात. बहुतेक वेळा उजेडापेक्षा रंगाचा तपशील जास्त टाकला जातो, कारण डोळ्याला ते सहसा कळत नाही. पण वणाच्या कडेची लाली नेमकी तिथेच जाते. म्हणून व्हॉट्सॲपवर साधा फोटो न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. फक्त मूळ फाइलमध्ये कधीकधी घराचं ठिकाणही नोंदलेलं असतं, तेव्हा कॅमेऱ्याचं लोकेशन आधी बंद करा. आणि असे फोटो घरच्या ग्रुपवर जाणार नाहीत एवढं बघा.

एका गोष्टीत मात्र फोटोची वाट बघू नये. बोट जोडल्यावर किंवा कातडी लावल्यावर ती पांढरीफटक पडली तर रक्त पोचत नसेल, निळी-जांभळी झाली तर परत जात नसेल. तिथे तास मोजतात. थेट फोन करून निघायचं.

आईच्या हाताचे नवे फोटो मी टेबलावर काढले, कॅमेरा बरोबर वरून. हात पालथा, हात उताणा, दुसरा चांगला हात शेजारी, घट्ट मूठ, आणि बोटं जितकी सरळ होतील तितकी. शेवटचा बाजूने. त्या एका फोटोत दिसलं की करंगळी पूर्ण सरळ होत नाहीये. आईने हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, कारण तिला पोळ्या लाटता येत होत्या. डॉक्टरांनी कोन बघितला आणि म्हणाले, "आता फोटो पुरे. वण किती ओढतोय ते हात लावल्याशिवाय कळणार नाही, घेऊन या." मार्च 2020 मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमावलीतही दूरवरून भागत नसेल तर प्रत्यक्ष बोलवायचा निर्णय डॉक्टरांचाच ठेवलाय.

हळूहळू जिने उतरून आम्ही ठाणे-वाशी लोकलने गेलो. त्यांच्या खोलीत निळा पडदा होता आणि टेबलावर चिकटपट्टीच्या दोन खुणा: एक मनगटासाठी, एक कोपरासाठी. आईने न सांगताच हात बरोबर त्या खुणांवर ठेवला.