उपाशी जिवाणूला भूक कशी कळते?

अन्न संपले की जिवाणू मरतात, असा समज सर्रास आढळतो आणि शाळेत पाहिलेल्या वाढीच्या आलेखामुळे तो पक्काही होतो. रेषा आधी झपाट्याने चढते, मग सपाट होते आणि शेवटी उतरते. त्यातला सपाट भाग म्हणजे मरणाची पूर्वतयारी, असे आपण धरून चालतो. वस्तुतः निसर्गातल्या जिवाणूंचे बरेचसे आयुष्य याच सपाट भागात जाते. प्रयोगशाळेतील पोषक द्रावणात ई. कोलाय हा जिवाणू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो, परंतु मातीत किंवा पाण्यात इतकी सुबत्ता क्वचितच लाभते. उपासमार हीच त्याची नेहमीची स्थिती आहे आणि तिला तोंड देण्याची त्याची यंत्रणा मला जीवशास्त्रातील सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी एक वाटते.

मुळात मेंदू किंवा चेतासंस्था नसलेल्या एका पेशीला आपण उपाशी आहोत हे कळते कसे? बाहेरची साखर किंवा इतर पोषक द्रव्ये ओळखणारी प्रथिने जिवाणूंच्या पृष्ठभागावर असतात, हे खरे. पण बाहेर किती अन्न आहे यापेक्षा आत प्रथिने बनवण्याचे काम अडले आहे का, हा प्रश्न पेशीसाठी अधिक महत्त्वाचा असतो आणि त्याचे उत्तर जिथे काम चालते तिथेच, म्हणजे प्रथिने जोडणाऱ्या रायबोझोम या पेशीतील यंत्रावर मिळते.

प्रथिने 20 प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. एम-आरएनएवरील (म्हणजे जनुकाच्या नकलेवरील) संकेत वाचत रायबोझोम पुढे सरकतो आणि प्रत्येक संकेतासाठी योग्य ते अमिनो आम्ल घेऊन टी-आरएनएचा एक रेणू त्याच्या ठरावीक खाचेत येऊन बसतो. अन्न मुबलक असते तेव्हा पेशीतील बहुतेक टी-आरएनए भरलेले असतात. समजा, एखाद्या अमिनो आम्लाचा तुटवडा पडला, तर त्याचे टी-आरएनए रिकामेच फिरू लागतात, त्यांतला एखादा त्या खाचेत शिरतो आणि रायबोझोम जागच्या जागी अडकतो. रेल-ए नावाचे विकर (एन्झाइम) नेमकी हीच स्थिती ओळखते. खाचेतल्या रिकाम्या टी-आरएनएला कवेत घेऊन ते रायबोझोमवर उलगडते आणि कार्यरत होते. मग ते एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरील दोन फॉस्फेट गट काढून जीटीपी किंवा जीडीपी या त्याच्यासारख्याच रेणूला जोडते आणि त्यातून पीपीजीपीपी या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा छोटा रेणू (व त्याचे एक फॉस्फेट जास्त असलेले भावंड) तयार होतो. काही सेकंदांतच पेशीतील त्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढते.

या रेणूचा शोध 1969 साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांनी लावला. किरणोत्सारी फॉस्फरस दिलेल्या जिवाणूंना अमिनो आम्लांची उपासमार घडवून त्यांनी पेशींच्या अर्कातील घटक वर्णलेखनाने (क्रोमॅटोग्राफीने) वेगळे केले, तेव्हा दोन अनपेक्षित ठिपके उमटले. विशेष म्हणजे, उपासमारीतही आरएनए बनवत राहणाऱ्या एका उत्परिवर्तित वाणात ते ठिपके दिसत नव्हते. त्यांना ‘जादूचे ठिपके’ हे नाव पडले, आणि ते अजूनही वापरात आहे.

पीपीजीपीपी करतो काय? ई. कोलायमध्ये तो थेट आरएनए पॉलिमरेज या, डीएनएवरून आरएनए लिहिणाऱ्या विकराला चिकटतो. भरभर वाढणाऱ्या पेशीतील सुमारे 80 टक्के आरएनए रायबोझोमचाच भाग असतो, त्यामुळे नवे रायबोझोम बांधणे ही सर्वांत मोठी उधळपट्टी ठरते आणि ती आधी थांबवावी लागते. रायबोझोमच्या आरएनएच्या जनुकांपाशी पॉलिमरेज आणि उलगडलेला डीएनए यांची जी जोडी बनते, ती मुळातच अल्पायुषी असते. पीपीजीपीपी आणि त्याचे साथीदार प्रथिन डीकेएसए मिळून ती आणखी अस्थिर करतात, आणि लेखन सुरू होण्याआधीच जोडी मोडते. अमिनो आम्ले बनवणाऱ्या अनेक जनुकांपाशी मात्र अडचण जोडी टिकण्याची नसून ती जुळण्याची असते आणि तिथे हेच दोन रेणू जुळणी सोपी करतात. एकाच बदलाने एकीकडे खर्च थांबतो आणि दुसरीकडे तुटवड्यावर उपाय सुरू होतो. ज्या वाणात पीपीजीपीपी अजिबात बनत नाही, तो केवळ साखर व क्षार असलेल्या द्रावणात वाढत नाही. त्याला अमिनो आम्ले बाहेरून पुरवावी लागतात.

अशा वर्णनांवरून जिवाणूंना ‘जाणीव’ किंवा ‘वैश्विक प्रज्ञा’ असते, असे सांगणारे लेखन हल्ली बरेच फिरते. त्याला कोणताही आधार नाही. एक रिकामा रेणू एका खाचेत बसतो आणि पुढचे सारे रसायनशास्त्राच्या नियमांनी घडते. यात भर घालायला गूढाची गरज नाही.

उपासमार लांबली तर इतर उपायही येतात. आरपीओएस हे प्रथिन साठते आणि उष्णता, आम्ल व ऑक्सिडीकरण यांपासून रक्षण करणारी शेकडो जनुके चालू करते. डीपीएस प्रथिन डीएनएला घट्ट बांधून जपते. वापरात नसलेले रायबोझोम जोडीजोडीने चिकटून निष्क्रिय होतात, म्हणजे मोडून पुन्हा बांधण्याचा खर्च वाचतो. बॅसिलस कुळातील जिवाणू याहून टोकाला जातात आणि उकळत्या पाण्यातही टिकणारे बीजाणू बनवतात. म्हणूनच शस्त्रक्रियेची उपकरणे दाबाखालच्या वाफेत 121 अंश सेल्सिअसला निर्जंतुक करतात.

याचा संबंध औषधोपचाराशीही आहे. पेनिसिलिन वाढणाऱ्या पेशींच्या भित्तिकेच्या बांधणीवर घाव घालते, त्यामुळे बांधणी थांबवलेली पेशी त्यातून वाचू शकते. जोसेफ बिगर यांनी 1944 साली स्टॅफिलोकोकसमध्ये असे मोजके वाचलेले जिवाणू पाहिले, आणि त्यांची पुढची पिढी मात्र पेनिसिलिनला पूर्वीइतकीच बळी पडत होती. हा प्रतिरोध नव्हे, कारण जनुकांत काही बदललेले नसते. क्षयरोगाच्या जिवाणूतही पीपीजीपीपी बनवणारे विकर आहे. ते काढून टाकलेला वाण उंदरांच्या शरीरात दीर्घकाळ तग धरू शकत नाही. म्हणून त्या विकरालाच रोखणाऱ्या रेणूंचा शोध सध्या चालू आहे.