तिसऱ्या तासाची भूक

नाश्ता होऊन जेमतेम तीन तास झालेले असतात आणि पोटात कावळे ओरडू लागतात. दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी तेवढ्याच कॅलरी पोटात गेलेल्या असतात, तरी दुपारपर्यंत खाण्याची आठवणसुद्धा होत नाही. पहिल्या दिवसाचं खापर आपण स्वतःवर फोडतो. तोंडावर ताबा नाही, मन खंबीर नाही, वगैरे. मला हा स्वतःवर केलेला अन्याय वाटतो. त्या सकाळी रक्तात आणि आतड्यात जे घडत होतं, त्याचा मनाच्या खंबीरपणाशी फारच थोडा संबंध होता.

या भुकेचं उत्तर बरेच जण ग्लायसेमिक इंडेक्समध्ये (थोडक्यात जीआय, म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो ते सांगणारा आकडा) शोधतात. जीआय जास्त म्हणजे भूक लवकर, जीआय कमी म्हणजे पोट बराच वेळ भरलेलं, असं सोपं गणित सगळीकडे सांगितलं जातं. ते पूर्ण खोटं नाही. पण त्यात कुठे गफलत होते हे समजायचं असेल, तर हा आकडा मुळात काढतात कसा, ते पाहावं लागेल.

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाचे डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ६२ पदार्थांची मोजणी करून ही कल्पना मांडली. कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो, हे मधुमेहींच्या आहारासाठी त्यांना जाणून घ्यायचं होतं. चाचणी अशी असते: रात्रभर उपाशी असलेल्या माणसाला, ज्यातून ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदकं मिळतील एवढा एकच पदार्थ खायला देतात. मग बोटाला सुई टोचून ठरावीक वेळाने रक्ताचा थेंब घेतात. साखरेचा आलेख चढतो, उतरतो. उपाशीपोटीच्या पातळीच्या वर त्या आलेखाने जेवढी जागा व्यापली, तिची तुलना त्याच माणसाने ५० ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर व्यापलेल्या जागेशी करतात. साधारण दहा जणांची सरासरी काढली की आकडा मिळतो. ग्लुकोज १००, ५५ किंवा त्याखालचा पदार्थ कमी जीआयचा, ७० आणि त्यावरचा जास्त.

आता घड्याळाकडे बघा. ही मोजणी दोन तासांनी थांबते. आलेख मूळ पातळीच्या खाली गेला, तर तो भाग धरलाच जात नाही. आणि आपल्याला ज्या भुकेची चिंता आहे, ती सुरू होते त्यानंतर.

दोन तासांनंतर काय होतं? झटपट पचणारं स्टार्च लहान आतड्याच्या सुरुवातीलाच फुटून ग्लुकोज बनतं आणि लोंढ्याने रक्तात येतं. स्वादुपिंड त्या प्रमाणात इन्शुलिन सोडतं. स्नायू, यकृत, चरबीच्या पेशी साखर उचलू लागतात. इकडे आतड्यातून येणारा पुरवठा आटलेला असतो, पण इन्शुलिनचा अंमल अजून ओसरलेला नसतो. परिणामी साखर नुसती खाली येत नाही, काही वेळा सुरुवातीच्या पातळीच्याही खाली उतरते. निरोगी माणसात हा उतार धोक्याचा नसतो, चक्करही येत नाही. पण मेंदूला तो जाणवत असावा. भुकेचा आणि ग्लुकोजचा असा संबंध पोषणशास्त्रज्ञ जाँ मायर यांनी १९५०च्या दशकातच मांडला होता. पुढे उंदरांच्या रक्तातल्या साखरेवर सतत नजर ठेवली, तेव्हा उंदीर खाण्याकडे वळण्याच्या थोडं आधी साखरेत एक छोटासा, तात्पुरता उतार दिसला.

माणसांबद्दलचा एक भक्कम पुरावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. १,०७० जणांना ठरवून दिलेले नाश्ते देण्यात आले आणि त्वचेवर चिकटवलेल्या सेन्सरने त्यांची साखर सतत मोजली गेली. पहिल्या दोन तासांत साखर किती वर गेली, किंवा आलेखाखाली किती जागा व्यापली गेली (म्हणजे ज्यावर जीआय उभा आहे तेच), यापेक्षा दुसऱ्या ते तिसऱ्या तासातल्या उतारावरून पुढच्या भुकेचा अंदाज अधिक चांगला बांधता आला. ज्यांची साखर जास्त घसरत होती, ते इतरांपेक्षा सुमारे अर्धा तास आधी पुन्हा खायला बसत आणि दिवसभरात सरासरी ३१२ कॅलरी जास्त खात. आणि नाश्ता सारखाच असूनही हा उतार सगळ्यांना सारखा येत नव्हता. त्यामुळे एकाचं पोट ज्यावर दुपारपर्यंत राहतं, त्यावर दुसऱ्याने का राहू नये, असं कुणाला सुनावण्याआधी हा आलेख आठवावा.

मला याहून जुना, १९७७ सालचा एक साधासा प्रयोग फार आवडतो. दहा जणांना तीन वेगवेगळ्या वेळी सफरचंद दिलं: एकदा अख्खं, एकदा गर करून, एकदा रस काढून. कर्बोदकं तिन्ही वेळा सारखी. अख्खी सफरचंदं खायला रसाच्या अकरा पट वेळ लागला. साखर तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली. फरक पडला उतरताना. रस प्यायल्यावर ती झपकन खाली आली, गर खाल्ल्यावर थोडी कमी, आणि अख्ख्या फळानंतर तशी घसरलीच नाही. समाधानाचा क्रमही तोच होता, रसाने सगळ्यात कमी पोट भरलं. फळाच्या पेशींच्या भिंती शाबूत असताना साखर त्यांच्या आत कोंडलेली असते. दातांनी काही भिंती फुटतात, बऱ्याच तशाच पुढे जातात. यंत्राने त्या आधीच फोडून दिल्या आणि चोथा काढून टाकला, की पोटाला करायला काम उरत नाही.

धान्याचंही असंच. कच्च्या दाण्यात स्टार्चचे कण घट्ट बांधलेले असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते फुगतात, सैल होतात, आणि पाचक रसांना आत शिरायला वाट मिळते. झटपट शिजणारे ओट आधीच वाफवून पातळ लाटलेले असतात, तर नुसते कापलेले ओट जाड आणि टणक. १९९९ साली १२ लठ्ठ किशोरवयीन मुलांना एका दिवशी एक आणि वेगळ्या दिवशी दुसरा प्रकार, सारख्याच कॅलरींचा, सकाळी आणि दुपारी देऊन पाहिला. पुढचे पाच तास हवं ते खायची मुभा होती. झटपट ओट खाल्लेल्या दिवशी त्यांनी जाड ओटच्या दिवसापेक्षा ५३ टक्के जास्त कॅलरी खाल्ल्या. धान्य एकच, फक्त त्याची ठेवण बदललेली.

इथवर गणित जमतंय असं वाटतं. मग बटाटा येतो आणि ते उधळून लावतो. १९९५ साली सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थांचे प्रत्येकी २४० कॅलरींचे वाटे देऊन, दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोट किती भरल्यासारखं वाटतंय ते विचारलं. पांढऱ्या पावाला १०० धरलं, तर उकडलेला बटाटा ३२३ वर, सगळ्यात वर. लोण्याने भरलेला क्रोसाँ (पापुद्र्यांचा फ्रेंच पाव) ४७ वर, तळाला. उकडलेल्या बटाट्याचा जीआय मात्र बहुतेक वेळा सत्तरच्या वर असतो. कारण उघड आहे: २४० कॅलरींचा बटाटा वजनाने अडीचशे ग्रॅमच्या वर जातो, त्यातलं बहुतांश पाणी. जठर ताणलं जातं आणि तो ताण नसांवाटे मेंदूला कळतो. तेवढ्याच कॅलरींचा क्रोसाँ चार घासांत संपतो.

२०२१ सालचाच आणखी एक प्रयोग याहून बोलका आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये २० जणांना चार आठवडे मुक्कामी ठेवून दोन आहार दोन-दोन आठवडे दिले, हवं तेवढं खा म्हणून. एक कमी चरबीचा, वनस्पतीजन्य, साखर भरपूर चढवणारा, दुसरा जवळपास कर्बोदकांविना, मांसाहारी. साखर चढवणाऱ्या आहारावर त्यांनी दिवसाला जवळजवळ ७०० कॅलरी कमी खाल्ल्या. म्हणून साखरेच्या उताराला मी भुकेचं एकमेव कारण म्हणणार नाही. कमी जीआयच्या पाटीवरही डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. फ्रुक्टोजचा जीआय अगदी कमी, पण भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक त्याने ग्लुकोजइतकं दबत नाही.

सावकाश पचणाऱ्या अन्नाची खरी कमाई मला वेगळीच वाटते. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोहोचतं. तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं सोडतात, जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो, भूक शमते. जेन्किन्स यांच्याच गटाने १९८२ साली दाखवलं की सकाळी मसूर खाल्ले, तर चार तासांनी खाल्लेल्या पावाने साखर नेहमीपेक्षा कमी चढते. पाव तोच आणि पावाचा जीआयही तोच, पण दुपारचा आलेख काही अंशी सकाळीच आखला गेलेला होता.